माझ्या बुंध्याशी उगवलेल्या छत्र्या

मी एक जुनं कागदी लिंबाचं झाड आहे. जळगावच्या मेहरूण भागात सुनंदाबाईंच्या परसात उभा आहे. मित्रांनो, झाडालाही हेवा वाटतो, हे तुम्हांला खरं वाटणार नाही. पण मला वाटला, आणि चांगलाच वाटला.

सुनंदाबाईंचं माहेर नशिराबादचं. तिथल्या मळ्यातून एसटीत मांडीवर धरून त्यांनी मला इथं आणलं. रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालून वाढवलं. मी फळायला लागलो आणि माझी चैन झाली. शेवभाजीवर माझंच लिंबू पिळलं जाई. माझं लोणचं नात्यागोत्यात जाई. दसऱ्याला गल्लीतल्या साऱ्या गाड्यांच्या चाकांखाली माझीच लिंबं. "बाईंच्या झाडाला काय रस आहे!" असं लोक म्हणत, तेव्हा माझं पान न् पान हलायचं.

पण गेली दोन वर्षं मला फळ धरलं नाही. पानं पिवळी पडली. सुनंदाबाईंचे गुडघे धरले, त्यांचं परसात येणं कमी झालं. त्यांची सून मेघा माझ्या डोळ्यांदेखत पिशवीतून बाजारची लिंबं आणू लागली. मित्रांनो, ते दुःख फक्त लिंबाच्या झाडालाच कळेल.

अशात यंदा गणपती गेल्यावर चांगली झड लागली. ती उघडली त्या सकाळी बघतो तर माझ्या बुंध्याशी पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा घोळका! काल तिथं काही नव्हतं. ना कुणी लावलं, ना पाणी घातलं. आणि मेघाची मुलगी डिंपल ओरडत आली, "मम्मी, बघ ना! किती गोड!"

"हात लावू नकोस हं," मेघा म्हणाली. "कुत्र्याच्या छत्र्या आहेत त्या. विषारी असतात."

पण बघायला कुठं विष लागतं? मेघानं फोटो काढले. शेजारणी आल्या. डिंपलनं भोवती खडे मांडून कुंपण केलं. ऊन चढल्यावर तर ती आपली रंगीत छत्री त्यांच्यावर धरून बसली. मी जळफळलो. अगं, सावली माझी होती! इतकी वर्षं मी ती देत होतो. आणि एका रात्रीत आलेल्यांचे हे लाड? ना फूल, ना फळ, ना वास! वारा सुटून त्या मोडाव्यात म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. वारा सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे लोटनआबा आले. त्यांनी छत्र्या पाहिल्या, माझी पिवळी पानं पाहिली आणि मान हलवली. डिंपलच्या वडिलांना, दीपकला, ते म्हणाले, "झाडना खाले छत्र्या निंघन्यात म्हणजे मूळ सडी गयं शे. वादळमा घरवर पडी. तोडी टाक."

दीपकनं माझ्याकडे वर पाहिलं. "आता फळतही नाही म्हणा," तो म्हणाला आणि कुऱ्हाड आणायला गेला.

माझ्या अंगातला रस थिजला. ज्यांचा मी हेवा केला, त्यांच्याच पायी माझा जीव जाणार होता. दीपकनं कुऱ्हाड उचलली, तोच डिंपल धावत येऊन मध्ये उभी राहिली. दोन्ही हात पसरून रडू लागली. मला वाटलं, आली गं माझी पोर!

"पप्पा, इथं नका ना मारू! माझ्या छत्र्या तुटतील!"

माझ्यासाठी नव्हती ती. छत्र्यांसाठी होती.

लेकीच्या रडण्यापुढं दीपकचं काही चालेना. "बरं, आधी त्या मातीसकट काढून देतो," असं म्हणून तो खुरपं घेऊन बसला. हलक्या हातानं तो कडेची माती उकरू लागला. वीतभर खोल गेल्यावर खुरपं कशात तरी रुतलं. भुसभुशीत, कुजलेलं लाकूड. छत्र्या त्याच्यावरच वाढल्या होत्या.

गुडघे धरत सुनंदाबाई पायरीपर्यंत आल्या. "आबा, हाऊ ते आपला शेवगा शे!" त्या म्हणाल्या. "दीपक लहान व्हता, तवय वादळमा मोडना. त्याना बुंधा मातीमाच राही गया."

लोटनआबांनी वाकून माझं मूळ नखानं खरवडलं. आतून ते ओलं, पांढरं निघालं. "आरे, यानं मूळ ते चांगलं शे!" ते म्हणाले. "माती चढी गयी बुंध्यावर, आनि खत नही. झाड काय करी?"

दीपकनं कुऱ्हाड आत नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी त्यानं बुंध्यावर चढलेली माती ओढून काढली, शेणखत घातलं. छत्र्या दोन दिवसांत काळ्या पडून मातीत मिसळल्या. डिंपल त्यांच्यासाठी जेवली नाही. मी तेव्हाही जळलो, खोटं कशाला सांगू? माझा जीव वाचला, पण तो दुसऱ्याच्या लाडापायी वाचला.

मित्रांनो, अनोळखी छत्र्या तोंडात घालू नका, आणि उगाच लाथेनं उडवूही नका. मेलेल्या लाकडाची माती त्याच करतात. कुठल्याही झाडावर कुऱ्हाड उचलण्याआधी त्याची माती उकरून बघा. आणि परसात छत्र्या उगवल्या, तर त्या बघायला जरूर खाली वाका. फक्त उठताना एकदा वरही बघा.