झाडलेलं रान

नदीकाठच्या त्या कोरड्या रानात तिच्या वडिलांना सगळे झाडूसाहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. वनरक्षकाच्या नोकरीत पहिल्याच वर्षी वणव्यात अर्धं रान गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून पाचोळा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी रान असं लख्ख ठेवलं की खुशाल पंगत बसवावी. घरात मात्र स्वतःचं ताट कधी उचललं नाही, असं आई म्हणायची.

आता त्याच रानाची वनरक्षक त्यांची मुलगी होती, आणि ती पाचोळा राहू द्यायची. बाहेरची आग आत शिरू नये म्हणून कडेची जाळरेषा तेवढी साफ ठेवायची. बापाच्या मते हा निव्वळ आळस. त्यात गेल्या वर्षी तिचा अंदाज चुकला. तिनं खोलगट भागातलाही पाचोळा तसाच ठेवला. नदीचं पाणी चढलं, साचलं, पानं कुजून कोऱ्या चहासारखं काळं झालं, आणि मासे तोंडं वर काढून तडफडून मेले.

यंदा वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, तेव्हा खोलगट भाग साफ व्हायलाच हवा होता आणि मजूर मोजकेच होते. वडील दाताळं खांद्यावर टाकून सकाळीच दारात हजर. नाही म्हणायची सोयच नव्हती. तिनं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, की खोलगटातला पाचोळा ओढून ट्रॉलीत भरा, उंचवट्याला मात्र हात लावू नका. का, ते सांगितलं नाही.

उंचवट्यावर पाचोळ्याखाली ओल टिकली होती आणि तिथे पहिल्यांदाच रोपं धरली होती. एरवी सगळं रान म्हाताऱ्या झाडांचं, त्यांच्यामागे एक पोर नाही. असं का, हे तिला नोकरीला लागल्यावर लवकरच उमगलं होतं. पण ज्या माणसानं या रानाला पोटच्या पोरीपेक्षा जास्त वेळ दिला, त्याला ते कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचा बापावर जीव होता. त्यांना हे कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

मजुरांबरोबर पलीकडचं टोक आटोपून ती दुपारी परतली. खोलगट भाग आरशासारखा लख्ख. वडील मात्र तिथे नव्हते, आणि उंचवट्यावर दाताळ्याची खरखर चालू होती. काम संपल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल, असं आपल्याला वाटलंच कसं?

ती धावत वर पोचेपर्यंत खरखर थांबली होती. मोठ्या झाडाखालची बरीच जमीन उघडी पडली होती. वडील तिथेच उकिडवे बसले होते. दाताळ्याच्या दातांत दोन इवलीशी रोपं मुळांसकट अडकली होती, आणि पुढे, न झाडलेल्या पाचोळ्यातून, बाकीची डोकावत होती.

"तू लावलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. आपली आपण आलीत."

"माझ्या वेळेला कधी आली नाहीत."

ती जवळ बसली. "तेव्हा पाऊस कमी असेल, बाबा."

"पाऊस तेव्हाच जास्त होता," ते म्हणाले.

त्यांनी ती दोन रोपं दाताळ्यातून सोडवली, बोटानं माती उकरून परत लावली आणि पाण्याची बाटली मागितली. तगणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी त्यांनी सगळं पाणी घातलं. तिला रडू आलं, पण ते कामात होते म्हणून तिनं आवरलं.

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. ओढून काढलेल्या ढिगाऱ्यातून त्यांनी दोन्ही हातांनी ओंजळभर पाचोळा उचलला आणि स्वतः झाडलेल्या जमिनीवर बेतानं पसरला.

"थर किती जाड लागतो गं?" त्यांनी विचारलं.

तिनं चार बोटं आडवी जमिनीवर टेकवून दाखवली. त्यांनी आपली चार बोटं शेजारी लावून पाहिली आणि पुढची ओंजळ आणायला गेले.