दसऱ्याला धुतलेला उजेड

मी बोलतोय, पण जरा घाईत, कारण माझ्यापाशी वेळ थोडा आहे. मी पोस्टाच्या तिकिटाएवढी काच. शास्त्रातलं नाव ऑरगॅनिक एलईडी. ते ऐकून वारूळवाडीच्या धर्माजींनी लेकीला विचारलं होतं, "म्हंजे शेणखतावर चालतो व्हय?"

लेक प्रतिभा. २००७ साली पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनंच मला घडवलं. कार्बनच्या कुळातल्या रंगांचे केसाहून पातळ थर काचेवर चढवले, वरून दुसरी काच चिकटवली. अंगावर दोन चौकोन. एक लाल उजेड देतो, दुसरा लालच्याही पलीकडचा, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. ओल मात्र मला विषासारखी.

धर्माजींनी बजावलं होतं, काय केलंस ते दसऱ्याला दाखव. पटलं तर पुढं शीक, नाहीतर घरी ये. मुलगा असता तर त्याला कुणी काही दाखवायला लावलं नसतं. असो.

दसऱ्याच्या सकाळी प्रतिभा अंघोळीला गेली. तिच्या आजीनं, साळुबाईंनी, विळे, खुरपी, पान्हे धुऊन पाटावर मांडले होते. नातीचं हत्यार राहिलं म्हणून मला डबीतून काढलं, बादलीत बुचकळून खसाखसा धुतलं आणि हळदकुंकू वाहिलं. एवढ्या मानानं कुणी कुणाला मारलं नसेल.

प्रतिभा आली नि पांढरी पडली. "आजी, धुतलंस याला?"

"मग? पारोसं हत्यार पुजतात व्हय?"

तिनं घाईनं सेल जोडले. लाल चौकोन पेटला, पण त्यात काळे ठिपके, नि ते वाढत चाललेले. दुसरा चौकोन नुसता काळा.

"ह्यो तर गेलाच," धर्माजी म्हणाले.

प्रतिभानं मोबाइलचा कॅमेरा माझ्यावर धरला. पडद्यावर तोच चौकोन जांभळट उजळलेला. "हा उजेड कातडीच्या आत शिरतो, आबा. नाडी बघायची पट्टी होईल याची."

साळुबाईंनी एकदा मला पाहिलं, एकदा मोबाइलला. "दिसत न्हाई, पण हाय की."

प्रतिभानं वही उघडली. "आजी, किती वाजता धुतलंस?"

"घड्याळ बघून धुतात का? नारायणगावची जीप गेली तवा."

तेही तिनं लिहिलं. पाण्यानं मी किती वेळात मरतो, हे ती टिपत होती. डोळे भरलेले, हात चालू.

धर्माजींनी तोंड उघडायच्या आत साळुबाई नातीला म्हणाल्या, "पुढल्या दसऱ्याला धुतला तरी मरणार न्हाई, असा करून आण. तवर पोरीला घरी बोलवायचं न्हाई, धर्मा."

धर्माजींनी पाटावरचा विळा उगीच सरळ केला. "उद्याची सकाळची जीप धर मग," ते लेकीला म्हणाले.

माझा आता एक कोपरा तेवढा उरलाय. रडू नका. पोरीचं हत्यार जरूर पुजा, फक्त आधी तिला विचारा.