पुंजाजीची भाकर

लढाईत बाप जपान्यांच्या कैदेत मेला, असं समजून आम्ही त्याचं तेरावं उरकलं. मग तो जिताजागता गावी, अनसिंगला परतला. पंच म्हणाले, मेलेला माणूस पुन्हा जन्मल्याशिवाय घरात घेता येत नाही. शेवटी गोधडीच्या पाळण्यात घालून त्याचं बारसं केलं. पुंजाजीचा नानाजी झाला.

बावन्न साली मी त्याला विचारलं, "बाबा, कैद्यांची छावणी कुठी व्हती? जपान्यायनं रेल्वेचे रूळ कुठी टाकाले लावले तुमाले?"

"मले काहून इचारून राह्यला? मी तं लढाईनंतर जन्मलो. पुंजाजीले इचार."

माझं डोकं फिरलं. "मंग रोज अर्धी भाकर फेट्यात कोनासाठी लपवून राह्यले?"

"पुंजाजीसाठी," बाप म्हणाला. "तो अजून तिथंच हाये. उपाशी."