आत्यासकट घर

घर भावाचं, मालकी भाचीची आणि मुक्काम आत्याचा, असा सगळा मामला होता. भाचीचे वडील मृत्युपत्रात लिहून गेले होते: घर मुलीचं, पण माझी बहीण जिवंत असेपर्यंत तिला तिथून कुणी हलवायचं नाही, घर विकलं तरी नाही. भाचीची त्याला ना नव्हती. पण ती पाव भाजायची त्या बेकरीचा मालक भट्टीसकट दुकान विकायला निघाला होता. घर विकल्याशिवाय दुकान घेणं शक्य नव्हतं. आणि घर बघायला येणाऱ्याला आत्या हटकून शिडीवर चढून पंखा पुसताना दिसायची! मग तो चपला घालून चालू पडायचा.

आज एक निवृत्त नर्सबाई येणार होत्या. भाचीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. खोलीत डोकावते तर काय, आत्या पांघरुणात कण्हतेय!

"आत्या, काय झालं गं?"

"गप्प बस. आज मी मरायला टेकलेय. मग घेते की नाही बघ ती!" आत्याने डोळा मिचकावला.

भाची खो खो हसली. पण आत्या छातीतून खोल खोकली तेव्हा 'आता नक्की जमणार' असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

नर्सबाईंनी आल्या आल्या आत्याचं मनगट धरलं. "ताई, नाटक झकास. पण तुम्ही शंभरी गाठल्याशिवाय हलत नाही."

गेली भट्टी! भाचीला राहवेना. "हो, ठणठणीत आहे ती! आणि तशीच राहू दे. नाही विकलं घर तरी चालेल मला."

"अहो, मी नको कुठे म्हटलं? जन्म माणसांनी भरलेल्या वॉर्डात गेला. रिकामं घर मला खायला उठतं. मला आत्यासकटच हवंय."

आत्याने पांघरूण भिरकावलं. "आधी सांगायचं की! सकाळपासून चहा नाही घेतला. मरणाऱ्या बाईला शोभत नाही म्हणून!"

भाची तशीच बेकरीकडे धावत सुटली. "अगं, चपला तरी घाल!" आत्या दारातून ओरडली.

"विकलं?" मालकाचा विश्वास बसेना. "आत्या असताना?"

"आत्या आहे म्हणून!" धापा टाकत ती म्हणाली, आणि तिने भट्टीचं दार उघडलं.