घणाला हळदकुंकू

सत्त्याऐंशी सालची खंडेनवमी. विठ्ठलवाडीला धोंडिबाच्या भंगारवखारीत घण पडत होता आणि दर घावाला माझा दोस्त काळुराम दचकत होता.

ढिगात गवत कापायचं मशीन होतं. बिडाचं, हाताने ढकलायचं, इंग्रजांच्या वेळचं. ठाकुर्लीच्या रेल्वे बंगल्यात काळूचा बाप नामा माळी हेच ढकलायचा. असली जुनी मशीनं काळूने भंगारातून सोडवून, तेल पाजून पडवीत मांडलेली. बापाचं मात्र सापडलं ते आज, घणाखाली जायच्या वेळेला.

"शेठ, मला द्या ना."

"अरे, अख्खा ढीग भट्टीवाल्याला दिलाय. गाडी उभी हाय बघ. फोडायचा, तोलायचा, भरायचा. पूजा संध्याकाळी. हट बाजूला!"

बीड म्हणजे एका घावात खलास. वर एक पंखा, एक शिलाई मशीन, मग आपलाच नंबर. पण माझं डोकं अशा वेळी वाकडंच चालतं.

शेडमध्ये धोंडिबाची आई आवडाबाई झेंडूच्या माळा ओवत बसलेली. मी जाऊन ठोकून दिली, "आजी, पलीकडच्या वखारीत नारळ फुटलापण! म्हणतात, धोंडिबाकडे देवधर्म उरलाय कुठे?"

"कोण बोलला मेला?" म्हातारी ताट घेऊन तरातरा निघाली.

पंखा फुटला. शिलाई मशीन फुटलं. घण परत वर गेला.

"ठेव खाली!" म्हातारी कडाडली.

घणाला हळदकुंकू, माळ. काट्याला माळ. मी हळूच एक माळ मशीनच्या पात्यांवर टाकली. पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. हमाल खूश, बिड्या पेटवून बसले.

"काळू, उचल!"

"कुठे?" धोंडिबा हसला. "काटा पूजलाय. तोलल्याशिवाय हितून खिळा जात नाय. उद्या गाडी भरणार, पयली."

मेलो! माझीच खोडी माझ्या गळ्यात.

काळू म्हातारीच्या पाया पडला. "आजी, दसऱ्याला बोहनी कोणाची?"

"फाटक उघडल्यावर पयला आत येल त्याची. ते गिऱ्हाईक परत धाडायचं नाय, ऐकलंस रं धोंडिबा?"

धोंडिबाचं तोंड पडलं. पण गाडीवाला तर फाटकालाच मुक्काम ठोकून होता!

दसऱ्याला उजाडता उजाडता पोचलो, तर हा बाबा दात घासत फाटकाकडेच चाललेला. कडी वाजली. काळूचे पाय जमिनीला चिकटलेले.

"उस्ताद!" मी ओरडलो. "पिछला टायर बैठ गया!"

तो वळला. मी काळूला मागून असा ढकलला की तो सरळ आवडाबाईच्या पुढ्यात.

धोंडिबाने शिव्या घालत घालत मशीन तोललं.

बाहेर रस्त्याकडेच्या गवतावर काळूने ते ठेवलं, ढकललं. हललं नाही. परत ढकललं. नाही. तिसऱ्यांदा खर्रर्र झालं आणि पात्यांत अडकलेला झेंडू बारीक चुरा होऊन उडाला.

काळू तिथेच खाली बसला.

मागून आवाज आला, "अबे, टायर तो ठीक है!"

"पळ," मी म्हटलं.