शिकंज्यावरची लाल रेघ

गिटार दुरुस्त व्हावी असं अनसूयेला बिलकुल वाटत नव्हतं. तिचा नवरा रत्नाकर संरक्षण कारखान्यातला फिटर, गेल्या वर्षी निवृत्त झालेला. मदन महल वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत त्याचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू जायचा. नुसता आवाजच असता तर काय हवं होतं! ड्यूटी होती तोवर बाईला आठ तास तरी सुटका होती. आता तो दिवसभर घरी, आणि हात रिकामे. वरणात मीठ कमी पडलं, दे थप्पड. टॉवेल ओला राहिला, ढकल भिंतीवर. डिसेंबरात त्यानं तिची बरगडी मोडली आणि दवाखान्यात स्वतःच सांगून टाकलं, "बाथरूम में फिसल गई जी."

जानेवारीत त्यानं जुन्या सामानाच्या गुरंदी बाजारातून ती जुनी गिटार आणली. तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, उखडलेली, पोटाला चीर. तरुणपणी वाजवायची हौस होती म्हणे. अंगणात टेबल मांडून तो घासायचा, सरस लावायचा, चिकटवलेलं लाकूड दाबून धरायला स्क्रूचा लोखंडी शिकंजा कसायचा. आणि नवल बघा, त्या दिवसापासून त्याचा हात अनसूयेवर उठला नाही. पहिले आठ दिवस तिचा विश्वासच बसेना. पण हात सरसानं बरबटलेले, डोकं गिटारीत. बाई पोटभर जेवायला लागली.

चीर बुजली. ब्रिज तेवढा राहिला. तो बसला की तारा चढणार, काम संपणार, हात पुन्हा रिकामे.

मग तिनं काय केलं? संध्याकाळी ब्रिजला सरस लावून, शिकंजा कसून रत्नाकर स्टेशनवर दोस्तांसोबत चहाला गेला, की ती शिकंजा सैल करायची, ओला ब्रिज बोटानं हलवायची आणि तो यायच्या आत परत कसून ठेवायची. दोन दिवसांनी तारा ताणल्या की ब्रिज टकदिशी निघायचा. "साला सरसच खराब मिळून राहिला!" तो ओरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. असं तीनदा झालं. महिना सुखात गेला.

पण फिटर तो फिटरच. कारखान्यात बोल्ट कसला की बोल्ट आणि खालचा भाग दोन्हींवरून जाणारी आडवी लाल रेघ मारायची पद्धत. रेघ तुटली म्हणजे बोल्ट कोणीतरी हलवला. चौथ्यांदा त्यानं शिकंज्याच्या स्क्रूवर तशीच बारीक रेघ मारली आणि काही न बोलता चहाला गेला. अनसूयेला ती दिसलीच नाही.

परत आल्यावर तो टेबलाशी वाकला. रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये तांदळाएवढं अंतर.

"अच्छा! तू करून राहिली होती हे. काहून?"

ती दाराकडे वळली.

"काहून, म्हणतो मी!" त्यानं तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. भुवई फुटून रक्त डोळ्यात गेलं.

"तुमचे हात कामात होते तोवर मी जिवंत होते हो!" ती किंचाळली.

ते ऐकून तो आणखीच पेटला. मूठ वळून त्यानं हाणली. अनसूया बाजूला सरकली, मूठ टेबलावर आदळली. शेजारी दुसरा शिकंजा सुटा पडला होता, चांगला दोन किलोचा. तो उचलून तिनं त्या मुठीवर घातला. पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिनं नीट ऐकला. तिसऱ्यांदा घातला तो निव्वळ रागानं, आणि तिला बरं वाटलं.

"बाथरूम में फिसल गए जी," दवाखान्यात या वेळी तिनं सांगितलं. दीड महिना प्लास्टर, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर तिनं टेबलावरचं रक्त पुसलं. भुवईवर तीन टाके होते. ब्रिजला सरस लावला, शिकंजा चढवला. रत्नाकर खाटेवर बसून बघत होता, गळ्यात अडकवलेला हात पोटाशी धरून. सरस कडेनं बाहेर येईपर्यंत तिनं स्क्रू आवळला आणि त्याच्याकडे वळली.

"बस झालं, की आणखी कसू?"

"बस," तो हळूच म्हणाला.

तिनं तरी आणखी पाव फेरा दिला. मग लाल रंगाची बाटली उघडली आणि स्क्रूवर आडवी रेघ मारली.

"हलली तर मला कळेल," ती म्हणाली.