लाल दोऱ्याची नळी

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की छोटी लेक विचारायची, "आई, आज नवं काही बनलं का?" आणि आई म्हणायची, "अजून नाही गं." असं तीन वर्षं चाललं. शेवटी प्रयोगशाळेत चमचाभर पांढरी पावडर हाती लागली, तर तिथल्या सरांनी उभ्या उभ्या तिचा निकाल लावला.

"मूळ पदार्थ एकशे बावीस अंशांना वितळतो, तुझी पावडरही एकशे बावीसलाच. म्हणजे घातलंस तेच परत आलं. उद्यापासून हा विषय बंद!"

खरंखोटं करणाऱ्या मोठ्या यंत्रावर तिचा नंबर दोन महिन्यांनी लागणार होता आणि सरांना तेवढा धीर कुठला! माणूस मनाने वाईट नव्हता, पण भलताच हेकट.

तरी ती म्हणाली, "सर, एक तास द्या. दोन्ही एकत्र खलून बघते. पदार्थ एकच असेल तर मिश्रणही एकशे बावीसलाच वितळेल. वेगळे असतील तर ती भेसळ झाली, मिश्रण आधीच वितळेल."

"कर. पण बघणार मी."

तिथला नियमच होता तो. ज्याला निकाल हवा, त्याने तापमापकाकडे फिरकायचं नाही. आशेला लागलेल्या डोळ्यांना हवं तेच दिसतं.

तिने काडीहून बारीक अशा तीन काचनळ्यांत मूळ पदार्थ, नवी पावडर आणि दोन्हींचं मिश्रण भरलं, भुकटी तळाशी बसेपर्यंत नळ्या टेबलावर ठकठक आपटल्या आणि लाल, काळ्या, पांढऱ्या दोऱ्यांनी तापमापकाला बांधून तेलात सोडल्या. कुठल्या नळीत काय, ते फक्त तिच्या वहीत. सर भिंग घेऊन बसले, ज्योतही त्यांनीच सांभाळली. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. काचसामान धुणाऱ्या मावशी हात पुसत तिच्याजवळ आल्या.

"नव्वद. काही नाही," सर म्हणाले. तिने मावशींचा ओला हात घट्ट धरला.

"पंच्याण्णव... अरे! लालवाली सुटायला लागली. सत्त्याण्णव. एकशे चारला साफ पाणी."

ती खिडकीबाहेरच बघत राहिली. बाकीच्या दोघी टिकायला हव्या होत्या. नाहीतर सर म्हणणार, पावडर नीट वाळवलीच नव्हतीस.

"एकशे दहा. दोघी ढिम्म."

"एकशे वीस. ढिम्म."

"एकशे बावीस! गेल्या, दोन्ही बरोबरच गेल्या." सरांनी भिंग खाली ठेवलं. "लालमध्ये काय होतं?"

तिने वही पुढे केली. सरांनी वाचलं, "लाल: मिश्रण." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मी तुझं काम बंद करायला निघालो होतो," ते हळूच म्हणाले.

"हो सर. चांगलं ऐकू आलं होतं!"

मावशी खो खो हसल्या. सरही हसले आणि तिन्ही आकडे त्यांनी स्वतः वहीत लिहून खाली सही ठोकली. आनंदाने तिला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली, आणि तिने ती मारलीही.

त्या दिवशी लेकीला प्रश्न विचारायला वेळच मिळाला नाही. दारातूनच आई ओरडली, "बनलं गं, नवं बनलं! आणि तेही सरांनीच मोठ्याने वाचून दाखवलं!"